तटाच्या कुशीतल्या भट्ट्या : कार्लीअनच्या रोमन किल्ल्यातील एक प्रकरण

दक्षिण वेल्समध्ये अस्क नदीच्या काठी कार्लीअन हे लहानसे गाव आहे. रोमनांनी नदीच्या नावावरूनच त्याला इस्का म्हटले. इ.स. ७४-७५च्या सुमारास, ब्रिटनचा सुभेदार सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस याने सिल्युरीज जमातीला नमवल्यावर, दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा (लीजन म्हणजे रोमन सैन्याची सुमारे पाच हजारांची पलटण) कायमचा तळ इथे उभा राहिला. तळ म्हणजे पूर्ण शहरच: सुमारे ४९० मीटर लांब, ४१८ मीटर रुंद, साडेवीस हेक्टरांचा. आत पाच हजारांवर सैनिक, त्यांचे सरदार, कोठारे, कारखाने, दवाखाना, स्नानगृह. बाहेर सहा हजार प्रेक्षक मावतील असे रंगमंडल.

आज गावात येणारा माणूस आधी हे रंगमंडल पाहतो, मग स्नानगृहाचे अवशेष पाहतो. तिसरी जागा आहे किल्ल्याच्या पश्चिम कोपऱ्यातली, प्रिस्ग फील्ड नावाची. हिरवळीवर बराकींचे पाये, कोपऱ्याजवळ सार्वजनिक शौचालय, आणि तटाच्या आतल्या अंगाला दगडांची काही गोल बांधणी. गुडघ्याएवढीही उंची उरलेली नाही. या गोल बांधण्या म्हणजे सैनिकांच्या भट्ट्या. हे प्रकरण त्यांचे आहे.

प्रश्न एवढाच आहे की पाच हजार माणसांचे रोजचे अन्न शिजवण्याची व्यवस्था नेमकी कोणत्या पातळीवर होती. सगळ्या लीजनचे एक स्वयंपाकघर होते, प्रत्येक तुकडीचे वेगळे होते, की प्रत्येक खोलीचे? रोमन सैन्य म्हटले की शिस्त, आज्ञा आणि एका छापाची माणसे आठवतात, त्यामुळे मोठ्या भटारखान्याची आणि लांबलचक पंगतीची कल्पना सहज मनात येते. प्रिस्ग फील्डच्या भट्ट्या ती कल्पना खोडून काढतात. माझ्या मते त्या याहून बारीक काहीतरी सांगतात, आणि ते त्यांच्या आकारापेक्षा जागेतून जास्त कळते.

खणले कसे गेले

कार्लीअनचे अवशेष कधीच पूर्ण झाकले गेले नव्हते. जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू आणि लेखक ११८८ साली या भागातून गेला. त्याने इथल्या पडक्या प्रासादांचे, देवळांचे वर्णन केले, आणि भिंतींमधल्या अरुंद वाटांनी गुपचूप ऊब खेळवणाऱ्या व्यवस्थेचे फार कौतुक केले. जमिनीखालून गरम हवा फिरवून खोल्या उबदार ठेवण्याची ती रोमन पद्धत होती. म्हणजे उष्णतेची कारागिरी लोकांच्या डोळ्यांत आठशे वर्षांपूर्वीच भरली होती, पण ती सुखाच्या खोल्यांची. पाव भाजणारी उष्णता तटाच्या ढिगाऱ्याखाली निजून होती.

रंगमंडलाच्या खड्ड्याला गावकरी आर्थर राजाचे गोलमेज म्हणत. १९२६-२७ मध्ये त्याचे उत्खनन झाले तेव्हा या दंतकथेमुळे वर्तमानपत्रांचे लक्ष गेले आणि पैसाही उभा राहिला. हे काम मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर या दांपत्याचे. मॉर्टिमर १९२६ मध्ये लंडनला गेले, त्यामुळे प्रत्यक्ष खणण्याचा मोठा भार टेसाबाईंनी वाहिला. त्यांचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते, म्हणून इथे मुद्दाम घेतो. हेच मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. तक्षशिलेला त्यांनी तरुण भारतीय अभ्यासकांना प्रशिक्षण दिले, १९४५ मध्ये अरिकमेडूला रोमन व्यापाराच्या खुणा खणल्या. मातीचे थर वाचत खाली जाण्याची जी शिस्त आपल्याकडच्या एका पिढीने त्यांच्याकडून घेतली, ती त्यांनी वेल्समधल्या रोमन किल्ल्यांवर हात बसवत घडवली होती.

प्रिस्ग फील्ड मात्र व्हीलरांचे नाही. रंगमंडलाचे काम संपत आले तेव्हा, १९२७ ते १९२९ या काळात, व्ही. ई. नॅश-विल्यम्स यांनी ते खणले. राजाची कथा नाही, सोने नाही, शिल्प नाही. सापडल्या त्या बराकी, गटार, शौचालय आणि भट्ट्या. आज दिसणाऱ्या चार बराकींपैकी एकीचेच पाये मूळचे आहेत. बाकीच्या तिघींची आखणी, खालचे अवशेष पुन्हा झाकून, वर दाखवलेली आहे. तरीही लीजनच्या बराकी अशा उघड्यावर चालत पाहता येतात म्हणून ही जागा युरोपभर ओळखली जाते.

जागा काय सांगते

रोमन किल्ल्याची कड अशी असते: बाहेर खंदक, मग तट, तटामागे मातीचा उतरता बांध, त्याला लागून आतून फिरणारा रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे बराकी. कार्लीअनला सुरुवातीला तट माती आणि लाकडाचा होता. इ.स. १००च्या सुमारास त्याच्या पुढ्यात दगडी भिंत आणि आतून बुरूज आले. भट्ट्या मातीच्या बांधाच्या आतल्या पायथ्याशी, बांधात थोड्या खुपसून बांधलेल्या आहेत. तोंड रस्त्याकडे, पाठ मातीत.

ही जागा निवडण्यात तीन कारणे एकत्र आली आहेत.

पहिले आगीचे. पहिल्या बराकी लाकडी होत्या, भिंती कुडाच्या. एका बराकीत ८० माणसे, आणि बराकींच्या रांगा एकमेकींना खेटून. अशा वस्तीत मध्यरात्री एक ठिणगी उडाली तर काय होईल हे कोणालाही कळावे. तटालगतचा रस्ता मोकळा ठेवण्याचे मूळ कारण शत्रूचे बाण बराकींपर्यंत पोचू नयेत आणि सैनिकांना तटावर धावायला वाट मिळावी हे होते. पण त्याच मोकळ्या पट्ट्याने आग आणि वस्ती यांच्यात अंतर पाडले. संरक्षणासाठी ठेवलेली जागा स्वयंपाकाच्या कामी आली.

दुसरे कारण मातीचे. भट्टीची पाठ जाड मातीत असली की उष्णता सुटत नाही. घुमटावर वेगळा जाड थर द्यावा लागत नाही, वाऱ्यापावसाने तो उकलत नाही. वेल्सचा पाऊस लक्षात घेता हा फायदा थोडाथोडका नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बराकी तटाशी काटकोनात, दोन-दोन समोरासमोर उभ्या असतात, आणि तटाकडच्या टोकाला सेंच्युरियनच्या, म्हणजे ८० जणांच्या तुकडीच्या नायकाच्या, प्रशस्त खोल्या असतात. म्हणजे प्रत्येक बराकीचे एक टोक रस्ता ओलांडला की थेट तटाच्या बांधाशी येते. भट्ट्या तिथेच आहेत. कोठाराजवळ नाहीत, किल्ल्याच्या मध्यावरच्या मुख्यालयाजवळ नाहीत, स्नानगृहाजवळही नाहीत. आगीची भीती एवढेच कारण असते तर किल्ल्याच्या एखाद्या कोपऱ्यात सगळ्या भट्ट्या एकत्र घालता आल्या असत्या. जळण एका ठिकाणी उतरवता आले असते, पहारा ठेवणे सोपे झाले असते. रोमन अभियंत्यांना ते सुचले नसेल असे कोण म्हणेल? तरी भट्ट्या तटाच्या कडेने बराकींच्या टोकांशी वाटल्या गेल्या. हे वाटप म्हणजेच उत्तराची सुरुवात आहे.

भट्टी चालते कशी

या भट्ट्यांना धुराडे नसते. गोल पाया, त्यावर दगड किंवा फरशा बसवलेली तळजमीन, वर दगड-मातीचा घुमट, पुढे एकच तोंड. आत लाकूड रचून पेटवतात. धूर आणि ज्वाळा त्याच तोंडातून बाहेर येतात. सुरुवातीला घुमट आतून काजळीने काळा होतो. पुरेसा तापला की काजळी जळून जाते आणि आतले दगड पांढुरके दिसू लागतात, ही तयारीची खूण. मग निखारे आणि राख बाहेर ओढायची, तळजमीन ओल्या फडक्याने किंवा झाडूने साफ करायची, लांब दांड्याच्या फळ्यावरून पाव आत सरकवायचे आणि तोंडावर दगडी फरशी लावायची. पुढचे काम साठवलेल्या उष्णतेचे. पाव झाले की उरलेल्या मंद उष्णतेत मातीचे भांडे ठेवून डाळ-मांस तासन्‌तास शिजवता येते. गोव्यातल्या पोदेराची जुनी लाकडाची भट्टी ज्याने पाहिली आहे, त्याला यातले काही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ही रीत माहीत असली की अवशेष वाचता येतात. घुमट जवळजवळ कधीच टिकत नाही, तो आत कोसळतो आणि भाजलेल्या लाल मातीची ढेकळे तळावर पडलेली मिळतात. तळजमीन टिकते. ती अनेकदा एकावर एक अशी मिळते, कारण तापून-निवून फरशा फुटतात आणि त्यांवर नवी जमीन घातली जाते. असे थर मोजले की भट्टी किती वेळा दुरुस्त झाली ते कळते, आणि त्यातून ती किती राबली याचा अंदाज येतो. आणि तोंडासमोर राखेचा पसारा मिळतो. खरी माहिती या पसाऱ्यात असते. तिथे कोळशाचे तुकडे असतात, त्यांवरून कोणते लाकूड जाळले ते ओळखता येते. करपलेले दाणे असतात, हाडांच्या कपच्या असतात, फुटकी भांडी असतात.

भाजलेल्या मातीचा आणखी एक उपयोग आहे. मातीतले लोहाचे कण खूप तापून निवताना त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ती दिशा मोजली आणि काळानुसार बदलत गेलेल्या दिशांच्या नोंदींशी जुळवली, तर भट्टी शेवटची कधी पेटली याचा अंदाज करता येतो. नॅश-विल्यम्स यांच्या काळी हे तंत्र हाताशी नव्हते. राखेचे नमुने पाण्यात तरंगवून दाणे वेगळे करण्याची पद्धतही तेव्हा रूढ नव्हती. त्या पिढीचे लक्ष बांधकामाच्या आराखड्यावर होते आणि तो आराखडा त्यांनी उत्तम दिला. पण भट्टीसमोरची राख एकदा उपसून फेकली की ती परत येत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कार्लीअनच्या धान्याबद्दल तरीही आपल्याला काही माहीत आहे. किल्ल्यात सापडलेल्या करपलेल्या धान्याचा अभ्यास डॅनिश वनस्पतितज्ज्ञ हान्स हेल्बेक यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्पेल्ट जातीचा गहू होता, जव होते, राय होती. स्पेल्टचा दाणा टरफलात घट्ट बसलेला असतो, तो आधी कांडावा लागतो आणि मग दळावा लागतो. भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधीपासून श्रम सुरू होत असत ते असे.

हिशेब मांडून पाहू

इ.स.पू. दुसऱ्या शतकातला इतिहासकार पॉलिबियस सांगतो की रोमन पायदळ सैनिकाला महिन्याला दोन तृतीयांश मेडिम्नस गहू मिळे. आपल्या मापात सुमारे ३५ लिटर, म्हणजे २६-२७ किलो. दिवसाला साधारण ९०० ग्रॅम. पॉलिबियस आणि कार्लीअन यांच्यात दोनशेहून अधिक वर्षे आहेत, पण माणसाचे पोट आणि कष्ट तेच, म्हणून अंदाजाला हा आकडा चालतो.

पाच हजार सैनिकांना रोज साडेचार टन, वर्षाला सोळाशे टनांवर धान्य. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की सुभेदार अॅग्रिकोलाच्या काळात ब्रिटनमधले किल्ले वर्षभराच्या साठ्याने सज्ज ठेवले जात. अस्क नदीतून जहाजे इथवर येत, काठावर रोमन धक्क्याचे अवशेष सापडले आहेत. एवढे धान्य मिळवणे, आणणे, कोठारात कोरडे राखणे हे साम्राज्याचे काम होते. त्यात शंका नाही.

आता एका तुकडीचा हिशेब. सेंच्युरिया म्हणजे अशा तुकडीत ८० माणसे, म्हणजे रोज ७२ किलो गहू. सगळ्याचा जाडसर पिठाचा पाव केला तर पाण्यासकट ९० किलोच्या आसपास भरेल. वीतभर रुंदीचा, पाऊण किलोच्या आतला पाव धरला तर १३० पाव. समजा भट्टी आतून दीड मीटर व्यासाची आहे. थोडी थोडी जागा सोडून ३५ पाव एका वेळी बसतील. म्हणजे दिवसाला चार घाणे. पाँपेईच्या मॉडेस्टसच्या बेकरीत, ज्वालामुखीने गाव गाडले त्या वेळी भट्टीत राहून गेलेले ८१ पाव १८६२ मध्ये सापडले, पण ती व्यावसायिक भट्टी होती. बराकीमागची त्या मानाने लहान.

चार घाणे जमतात का? पहिल्यांदा भट्टी तापवायला वेळ आणि लाकूड दोन्ही जास्त लागते. नंतर दगड गरम असतात, थोड्या जाळात काम होते. पहाटे सुरुवात केली तर दुपारपर्यंत एक भट्टी ८० जणांचा पाव ओढाताण करून पुरवू शकेल. दोन असतील तर सहज. शिवाय सगळा गहू पावातच जात नव्हता. भरडलेल्या गव्हाची लापशी हे रोमनांचे फार जुने अन्न होते, मोहिमेसाठी टणक बिस्किटे होत असत, आणि चांगला भाजलेला जाड पाव दोन-चार दिवस टिकतो, त्यामुळे रोज भट्टी पेटवायची गरजही नव्हती.

म्हणजे भट्टीचा आवाका ८० माणसांच्या मापाचा आहे. आठ जणांसाठी ती फार मोठी. आठ जणांना दिवसाला सात किलो गहू, सुमारे तेरा पाव. तेवढ्यासाठी दीड मीटरची भट्टी तापवणे म्हणजे लाकडाची उधळपट्टी. आणि पाच हजारांसाठी ती नगण्य. मधल्या मापालाच ती बसते.

धान्य सैन्याचे, जाते आठांचे, भट्टी ऐंशींची

सेंच्युरिया आठ-आठ जणांच्या गटांत विभागलेली असे. बराकीतल्या दोन खोल्या एका गटाच्या: एक झोपण्याची, एक सामानाची. मोहिमेवर एक तंबू, एक ओझ्याचे जनावर आणि एक हातजाते त्या गटाचे. ब्रिटनमधल्या किल्ल्यांवर जर्मनीतल्या आयफेल भागातल्या काळ्या लाव्हा दगडाची जाती मोठ्या संख्येने मिळतात. हलकी, खरखरीत, दळायला चांगली. जाते आठ जणांचे होते, याबद्दल फारसा वाद नाही.

जेवणासाठी मोठे दालन रोमन लष्करी किल्ल्यांत सापडत नाही. मुख्यालय, कोठारे, दवाखाना, कारखाने सगळे ओळखू येते, पण पंगतीची जागा नाही. सैनिक आपापल्या खोलीत, आठ जणांत जेवत. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो की रोमन छावणीत झोपणे, उठणे, पहारा बदलणे सगळे तुतारीच्या इशाऱ्याने होई आणि जेवणाची वेळही प्रत्येकाच्या मर्जीवर नसे. वेळ सगळ्यांची एक, जागा ज्याची त्याची.

मग भट्टी कोणाची? इथे एक लहानशी वस्तू मदतीला येते. कार्लीअनला पावावर उठवायचा शिशाचा शिक्का सापडला आहे आणि त्यावर सेंच्युरियाचे नाव आहे. कच्च्या पावावर असा शिक्का मारण्याची गरज केव्हा पडते? पाव सरमिसळ होण्याची भीती असते तेव्हा. एका तुकडीची भट्टी कायम तिचीच असती आणि दुसरे कोणी तिथे फिरकत नसते, तर शिक्क्याचे काम काय? म्हणून माझा तर्क असा की भट्ट्या शेजारच्या तुकड्या वाटून वापरत असाव्यात, समोरासमोरच्या दोन बराकी एखाद्या गटाच्या भट्ट्यांवर पाळीपाळीने येत असाव्यात. शिक्का पाव कोणाचा ते सांगे, आणि कोणाच्या पावाचे वजन कमी भरले तर जबाबदार कोण तेही सांगे. लष्करात दुसरा उपयोग पहिल्याइतकाच मोलाचा.

याच्या उलट बाजूचा पुरावाही ठेवला पाहिजे. तिसऱ्या शतकातला इतिहासकार हेरोडियन लिहितो की सम्राट काराकल्ला सैनिकांना आवडावे म्हणून त्यांच्यासारखा राही: एका माणसापुरते धान्य स्वतः दळी, त्याचा गोळा करून निखाऱ्यांवर भाजी आणि खाई. म्हणजे भट्टीशिवाय, फुफाट्यात भाजलेली भाकर हेही सैनिकाचे खरे अन्न होते. इ.स.पू. १०९ मध्ये रोमन सेनापती मेटेलसने आफ्रिकेतल्या ढिल्या सैन्याला ताळ्यावर आणताना छावणीत पाव किंवा शिजवलेले अन्न विकायला बंदी घातली, असे रोमन इतिहासकार सॅलस्ट सांगतो. बंदी घालावी लागली याचा अर्थ सैनिक तयार पाव सर्रास विकत घेत. आणि कार्लीअनच्याच स्नानगृहाच्या गटारात मटणाच्या बरगड्या आणि कोंबडीची हाडे सापडली आहेत, तिथे बसून खाल्लेल्या खाऊची. किल्ल्याबाहेरच्या वस्तीत तर दुकाने होतीच.

या सगळ्याने मूळ निष्कर्ष मोडत नाही, पण त्याच्या कडा मऊ होतात. भट्टी हा सैनिकाच्या अन्नाचा एकमेव स्रोत नव्हता. शांततेच्या काळात, कायमच्या तळावर, रोजच्या पावाचा तो मुख्य आधार होता. मोहिमेवर निखारे, तळावर भट्टी, हातात पैसे आले की बाजार. हेरोडियनचे वर्णन वाचून कोणी भट्ट्यांना कमी लेखू नये, कारण काराकल्लाला दाखवायचे होते ते मोहिमेवरचे कष्ट, बराकीतला रोजचा दिवस नव्हे.

व्हिंडोलांडा या उत्तरेतल्या किल्ल्यावर सापडलेल्या लाकडी पट्ट्यांपैकी एकीवर गव्हाच्या वाटपाची यादी आहे. बैलांकडचा, डुकरांकडचा, देवळापाशी असलेला, अशा माणसांना मोजून गहू दिल्याच्या नोंदी, आणि त्यांत पिळाच्या पावांसाठी दिलेला गहूही. धान्य वर मोजले जाई आणि खाली हाताने वाटले जाई, याचे इतके जिवंत चित्र दुसरीकडे मिळणे कठीण.

स्कॉटलंडशी एक ताडून पाहणे

कार्लीअनला लीजन दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिली, त्यामुळे तिथल्या भट्ट्या एकावर एक, पाडून बांधलेल्या. एका वेळी किती पेटत होत्या हे वेगळे करणे जिकिरीचे. याउलट स्कॉटलंडमधला इंचटुथिलचा लीजन किल्ला इ.स. ८३च्या सुमारास सुरू झाला आणि चारेक वर्षांत, पूर्ण होण्याआधीच, मोडून टाकला गेला. जाताना सैनिकांनी लोखंड शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सुमारे दहा टन खिळे खड्ड्यात पुरले. इयन रिचमंड यांनी १९५२ पासून पुढे तो खणला तेव्हा तिथेही तटाच्या आतल्या अंगाला भट्ट्या मिळाल्या. किल्ल्यात सेनापतीचे घर अजून बांधायचे होते, पण भट्ट्या होत्या. एवढ्यावरून अग्रक्रम कळतो. आणि एकाच टप्प्याच्या किल्ल्यातही त्या बराकींच्या बाजूने, तटालगत आहेत, म्हणजे कार्लीअनची मांडणी नंतरच्या कोणा सेनापतीच्या लहरीतून आलेली नाही. ती लीजनच्या मूळ आराखड्याचाच भाग आहे.

भट्टीवर छप्पर

प्रिस्ग फील्डमध्ये गोष्ट इथे थांबत नाही. दुसऱ्या शतकात तटालगत चौकोनी दगडी स्वयंपाकघरे उभी राहिली. उघड्यावरच्या गोल भट्ट्यांची जागा भिंती आणि छप्पर असलेल्या खोल्यांनी घेतली.

हा बदल केवळ पावसापासून आडोसा म्हणून झाला असे म्हणता येईल, पण तो एवढाच नसावा. याच सुमारास किल्ला लाकडातून दगडात येत होता. बराकी दगडी झाल्या, कौले आली, आगीचा धोका घटला. आगीची भीती हेच भट्ट्या तटाशी ठेवण्याचे मुख्य कारण असते, तर आता त्या आत, बराकींच्या मध्ये किंवा एका मोठ्या भटारखान्यात नेता आल्या असत्या. तशी नवी बांधणी करायची संधी, दगड, गवंडी सगळे हाताशी होते. तरी स्वयंपाकघरे त्याच पट्ट्यात, बराकींच्या त्याच टोकांशी बांधली गेली. छप्पर आले, भिंती आल्या, पण आगीभोवती जमणारी माणसे तीच राहिली.

मला हा या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. एकदा घडलेली मांडणी योगायोगाची असू शकते. सगळे बदलायची मोकळीक असताना तीच मांडणी पुन्हा निवडली जाते, तेव्हा ती लोकांना हवी असते. लीजनने आपल्या सैनिकांना एका ताटात जेवू घालायचा विचार केला नाही. तिने गहू दिला, जळण दिले, तटालगतची जागा दिली, आणि पुढचे सेंच्युरियावर सोडले. लढाईत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे ८० जण एकाच आगीवर भाजलेला पाव खात होते.

पुढच्या पिढीच्या उत्खननांनी, १९८०-८१ मध्ये किल्ल्याच्या दुसऱ्या भागात तटालगत झालेल्या कामाने आणि कार्डिफ विद्यापीठाने २००८ आणि २०१० मध्ये केलेल्या खोदकामाने, कार्लीअनची माती बारीक चाळणीतून पाहायला सुरुवात केली आहे. किल्ल्याचा मोठा भाग अजून घरांखाली आणि शेतांखाली न खणलेला आहे. तटाच्या कडेने पुढे कधी खोदकाम निघाले तर आधी भट्टीचा पाया साफ करून फोटो घेण्याची घाई होऊ नये. तोंडासमोरचा राखेचा पसारा चौकटी पाडून, थराथराने उचलला जावा, आणि शेजारच्या दोन भट्ट्यांचे पसारे वेगळे राखले जावेत. एकीसमोर जव आणि दुसरीसमोर गहू निघाला, एकीत डुकराची हाडे आणि दुसरीत बैलाची, तर दोन तुकड्या शेजारी असूनही वेगळे शिजवत होत्या असे दिसेल. पसारे सारखे निघाले तर पाळीपाळीने वापराचा तर्क बळकट होईल. शिक्क्याच्या आधारावर मी जो तर्क केला आहे, त्याची खरी कसोटी त्या राखेतच लागेल.